बांधाचा घाम

नव्वदच्या दशकातला एक पावसाळा. आमचा फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पूरमदतीची लष्करी तुकडी, अळणावरजवळच्या एका गावात होता. मी नायब सुभेदार, धारवाडचा. माझ्या हाताखाली हवालदार मारुती, हुबळीच्या कमरीपेठेतला. दोन दिवस वाळूची पोती, बोटी, गावासाठी जेवणाचा लंगर, हेच चाललं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला गावावरच्या तलावाचा बांध झिरपताना दिसला. रेडिओवर रिपोर्ट दिला. वरून हुकूम आला.

"गाव ताबडतोब खाली करा. ओव्हर."

मी मेगाफोन उचलला. बांध फुटणार, सामान सोडा, शाळेच्या टेकडीवर चला. मराठीत ओरडलो, कन्नडमध्ये ओरडलो. कुणी हलेना! बायका कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेल्या. खालच्या आळीतल्या गिरणीवाल्या शिवप्पाने तर माझ्या तोंडावर दार लावलं. माझं डोकं फिरलं. मरायची हौस आहे का यांना? चाळीस मिनिटं घसा फोडला. पाय एका जागी ठरत नव्हते, नजर सारखी बांधाकडे.

मारुती म्हणाला, "साहेब, हे का हलत नाहीत ते विचारू या."

"विचारायला वेळ आहे का?" मी खेकसलो.

तो गेलाच. गंगक्काजवळ उकिडवा बसला. गावात त्या म्हातारीचा शब्द चालायचा.

"अक्का, बांधाची भीती नाही वाटत?"

"कसली भीती? तलाव भरला की दरवर्षी घाम येतो त्याला. घाम आला की ताप उतरतो. झिरपायचं थांबलं तर घाबरायचं."

ती थापा मारत नव्हती. तिच्या सासऱ्यांच्या काळापासून तो बांध असाच झिरपत होता.

मारुतीने वाद घातला नाही. तिचाच तांब्या घेतला, बांधाच्या पायथ्याशी भरून आणला.

"दरवर्षीचा घाम कसा असतो, अक्का?"

"स्वच्छ. आम्ही पितो की."

"मग हे बघा."

पाणी लाल होतं. तिने हात घालून तळाचा गाळ बोटांत चोळला.

"ही माती कुठली?"

"बांधाच्या पोटातली," ती म्हणाली आणि ताडकन उठली. "अय्यो देवा! एळ्री, एळ्री!" उठा, उठा, म्हणत ती घराघरांत शिरली.

अर्ध्या तासात गाव टेकडीवर होतं. मोजणी केली. शिवप्पा नव्हता. मी निघालो, तर मारुतीने अडवलं.

"साहेब, तुम्हाला तो दार उघडायचा नाही."

तांब्या घेऊन तो पळाला. तीन पस्तीसला बांध फुटला. शिवप्पा धापा टाकत वर पोचला. मारुती त्याच्या दहा पावलं मागे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीचा देह आम्हाला सापडला.

पुढे कमरीपेठेत त्याच्या आईला भेटायला गेलो. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोनला पाणी दिसलं म्हणता. मग मारुती त्या बाईकडे जाईपर्यंत तुम्ही काय करत होता?"

"ओरडत होतो, आई," मी म्हणालो.