दहा बोटं

आमच्या घरात दुखण्यावर गोळी घेणं म्हणजे हार मानणं. डोकं ठणकत असलं तरी आम्ही बाम चोळून ऑफिस गाठणार आणि वर त्याचा तोरा मिरवणार. तेच खूळ मी माझ्या सात वर्षांच्या लेकीच्या माथी मारलं.

डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात सकाळी तिचे टॉन्सिल्स काढले आणि दुपारी घरी सोडलं. निघताना सिस्टरने औषधाच्या वेळा लिहिलेला कागद हातात दिला. "ताई, रडायची वाट बघू नका. घड्याळ बघून द्या."

रिक्षात लेकीला उलटी झाली. हा त्या दुखण्याच्या औषधाचाच प्रताप, असं मी ठरवूनच टाकलं आणि घरी आल्यावरचा डोस दिला नाही. ती गप्प पडून होती, डोळ्यांतून टिपूससुद्धा काढत नव्हती. विचारपूस करायला आलेल्या शेजारणीला मी कौतुकाने सांगितलं, "बघा, किती शहाणी आहे!"

संध्याकाळ झाली तरी ती पाण्याचा घोट घेईना. ओठ सुकले. पाणी पोटात गेलं नाही तर परत ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल, असं कागदावरच लिहिलं होतं. माझं धाबं दणाणलं. हॉस्पिटलला फोन लावला तर तीच सिस्टर, ड्युटी संपवून निघायच्या बेतात. मी उलटीचं सांगितलं.

"ती बहुतेक भुलीची असेल, ताई. नंतर झाली नाही ना? मग फोन स्पीकरवर ठेवा." आणि लेकीला म्हणाली, "बाळा, बोलू नकोस. किती दुखतंय ते आईला बोटांनी दाखव."

लेकीने आधी माझ्याकडे बघितलं. मग हळूच दोन्ही हात वर केले. दहाच्या दहा बोटं.

सिस्टर रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "आता एकच डोस द्या. राहिलेला भरून काढायला दोन नको हं. अर्ध्या तासाने गार पाणी द्या, घोट घोट. नाही घेतलं तर सरळ घेऊन या, मी इथे सांगून ठेवते."

पाऊण तासाने विठ्ठलवाडीला लोकलमधून उतरल्या उतरल्या तिनेच फोन केला. "प्यायली का?"

प्यायली होती, अर्धा पेला. मी दुपारपासून उशाशी बसून जे मला दिसलं नाही, ते या बाईने फोनवरून दोन मिनिटांत ओळखलं होतं. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

पेला माझ्या हातात देत लेक कुजबुजली, "आई, दहा दाखवली तरी मी शहाणीच ना?"