वाचणाऱ्या मुलीस आशीर्वाद

आमच्या वाडीत मी हुशार समजली जात असे, आणि त्याला कारण होती मुंबईहून येणारी पत्रं. हे लिहायला बसले आहे खरी, पण नीट सांगता येईल की नाही, याची धाकधूक वाटते. कारण ज्या गोष्टीसाठी माझं कौतुक व्हायचं, ती गोष्ट मला येतच नव्हती.

आचऱ्याच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमची वाडी. जवळजवळ प्रत्येक घरातला एक पुरुष मुंबईला. टपालवाला पत्र देऊन गेला की बायका शाळेत जाणाऱ्या पोरांना शोधत निघायच्या. शेजारच्या काकींची पत्रं माझ्याकडे यायची. काका गिरणीत होते. त्यांनाही लिहिता येत नव्हतं. ते सांगत आणि खोलीतले त्यांचे एक जुने सोबती लिहून देत. म्हणजे सांगणाऱ्याला अक्षर येत नव्हतं, ऐकणारीला येत नव्हतं, आणि मधे होते मी.

काकी हात पुसून पत्र माझ्या हाती द्यायच्या आणि समोर उकिडव्या बसायच्या. मी सुरू करायची. "अनेक आशीर्वाद विशेष. पत्र लिहिण्यास कारण की, मी येथे खुशाल असून तुमची खुशाली कळवणे." हे सगळ्याच पत्रांत असायचं. माझ्या आधी माझी आतेबहीण काकींची पत्रं वाचायची, तिच्याकडून ऐकून मला ते पाठ झालं होतं. पुढचं मी अंदाजानं म्हणायची. एखादा ओळखीचा शब्द दिसला की त्याच्याभोवती वाक्य रचायची. गणपती जवळ आले असले, की काका चतुर्थीला येणार. दिवाळी झालेली असली, की शिमग्याला, आणि ते बहुधा खरंही होई. मधे पाऊसपाण्याची चौकशी, गुरांची चौकशी. काकींचं उत्तर जाई ते मुंबईला जाणाऱ्या कुणाबरोबर, तोंडी, सगळी खुशाल एवढंच.

"ह्येंचाच बोलणा ता," काकी म्हणायच्या. "आयकल्यावर समोर बसल्यासारखे वाटतत."

मी खोटं बोलत होते का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तेव्हा तसं वाटत नव्हतं, एवढंच प्रामाणिकपणे सांगता येईल. वाचणं म्हणजे हेच, असं मला वाटे. शाळेतही आम्ही असंच वाचत होतो. गुरुजी एक ओळ म्हणत, आम्ही सगळे एका सुरात ती म्हणत असू, आणि चार दिवसांत पाठ तोंडात बसे. पुस्तक समोर उघडं असे, बोट ओळीवरून फिरत असे, आणि आवाज छपराला भिडत असे.

माझ्या शाळेचं सगळं या पत्रांवर उभं होतं. आई म्हणायची, चेडू, म्हणजे पोर, आता मोठी झाली, घरातली कामं कोण करणार. बाबा सांगत, "रवांदे. घरात एक तरी कागद वाचणारा माणूस होया. वाचता तवसर जावंदे शाळेत." वाचते तोपर्यंत. ते शब्द मला पक्के ठाऊक होते.

मी सहावीत असताना दिवाळीनंतर नव्या बाई आल्या. सावंतवाडीकडच्या, बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हाला पाठ वाचायला सांगितला. आम्ही जोरात सुरू झालो. बाई रांगेतून चालत निघाल्या आणि एकेकाचं पुस्तक अलगद मिटत गेल्या. आमचा आवाज थांबला नाही. सगळी पुस्तकं मिटली, तरी आम्ही वाचतच होतो. शेवटचं वाक्य झाल्यावर आम्ही शाबासकीची वाट बघत बाईंकडे पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या घाबरल्यासारख्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिशवी आणली. तिच्यात कट्टा गावच्या बाजारातून आलेल्या पुड्यांचे कागद होते. गुळाचे डाग पडलेले, मिरचीचा वास येणारे, वर्तमानपत्राचे फाटके तुकडे. ना सुरुवात, ना शेवट. एकेक तुकडा एकेकाला दिला.

"वाचा. प्रत्येकाने आपला आपला."

बाहेर माडावरचा कावळा तेवढा ओरडत होता. आमच्यातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, ह्यो धडो आमका झालो नाय."

कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांचं म्हणणं तेच होतं.

माझ्या तुकड्यावर पाण्याबद्दल काहीतरी होतं. 'पाणी' एवढा शब्द मी ओळखला. बाकीचं नुसतं काळं काळं. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की मला वाचता येत नसावं.

आणि त्याच आठवड्यात काकींचं पत्र आलं. मी ते हातात घेतलं. सांगायला हवं होतं, काकी, मला येत नाही. पण बाबा पडवीत दोर वळत बसले होते आणि कान माझ्याकडेच होते. मी म्हटलं, "अनेक आशीर्वाद विशेष." आणि पुढे नेहमीप्रमाणे. काका शिमग्याला येणार.

आठ-दहा दिवसांनी, संध्याकाळी, एक परकी बैलगाडी काकींच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, थांबली. गाडीतून काका उतरले. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत फडक्यात गुंडाळलेला, अंग तापानं फणफणलेलं. यंत्रात हात सापडला होता. आगबोट सकाळी मालवणला लागली, पडावातून ते वाळूत उतरले आणि दुपार कलेपर्यंत घरच्या माणसांची वाट बघत एका होडीच्या सावलीला पडून राहिले. शेवटी आचऱ्याकडे येणाऱ्या कुणा गाडीवाल्याला दया आली.

"गाडी घेवन कोण कसो नाय इलो?" त्यांनी विचारलं. "कागदात लिवन घेतललंय मिया. हात दुखावलो, अमक्या दिसाक बंदरार या म्हणान."

"कागदात कायेक नव्हता!" काकी कपाळाला हात लावून म्हणाल्या. "शिमग्याक येतास म्हणान होता. चेडवान वाचल्यान ना माझ्यासमोर!"

दोघांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. पण संशय माझ्यावर आलाच नाही. संशय गेला लिहिणाऱ्यावर.

"मगे त्या मेल्यान लिवल्यानच नाय," काकी म्हणाल्या. "तुमी सांगलास एक, त्यान खरडल्यान दुसराच."

काकांनी गुंडाळलेला हात छातीशी घेतला. मग म्हणाले, "पंधरा वर्सा एका खोलयेत काढली. आता हात बरो झालो तरी थंय पाय ठेवचंय नाय."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं सांगायचं तर मलाही पक्कं माहीत नव्हतं. कुणी सांगावं, त्या सोबत्यानं खरंच लिहिलं नसेल! पत्रात काय आहे, हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

सकाळी मी काकींकडे गेले. पत्रं त्या एका वाकवलेल्या तारेला टोचून ठेवत. "काकी, तो कागद दितास? परत बघतंय," मी म्हटलं. त्यांनी काढून दिलं. मी ते पाटीदप्तरात लपवून शाळेत नेलं आणि सुट्टीत बाईंसमोर धरलं.

"बाई, हे वाचून सांगता?"

बाईंनी हात पुढे केला नाही. "कुणाचं आहे?"

मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं बहुतेक.

"दुसऱ्याच्या घरचं पत्र मी कसं वाचू?" बाई म्हणाल्या. "त्यांनी ते तुला दिलंय. वाचायचं तूच."

"माका येणा नाय, बाई."

"माहीत आहे. म्हणून तर शाळेत आहेस."

त्यांनी पोफळीच्या विरीचा एक तुकडा घेतला, तीच पातळ साल जिच्या आम्ही पत्रावळी करतो, आणि चाकूनं तिच्यात एक खिडकी पाडली, एका शब्दापुरती. ती खिडकी कागदावर ठेवली की बाकीचं सगळं झाकलं जाई. "शेवटच्या ओळीपासून वाचायचं," त्या म्हणाल्या. "वरून सुरुवात केलीस की तुझं तोंड तुझ्या डोळ्यांच्या पुढे धावतं. खालून त्याला रस्ता माहीत नाही."

पुढे ती खिडकी सगळ्या वर्गालाच मिळाली. पुड्यांचे कागद, बसच्या तिकिटामागची सूचना, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, जे मिळेल ते आम्ही खालून वर वाचू लागलो. एक एक अक्षर धरून, ठेचकाळत. आधी एका सुरात छप्पर उडवणारा वर्ग आता कुजबुजत होता. किती दिवस गेले मला नीट आठवत नाही. रोज सुट्टीत मी मात्र पत्र घेऊन बसायची. हाताचं अक्षर छापील अक्षरापेक्षा अवघड. त्या सोबत्याचे 'ण' आणि 'ल' सारखेच दिसत.

शेवटची ओळ मला लागली, तो क्षण मी कधी विसरेन असं वाटत नाही. खिडकीतून 'आशीर्वाद' दिसलं. त्याच्या आधी 'मुलीस'. त्याच्या आधी 'दाखवणाऱ्या'. मी खिडकी बाजूला केली आणि सगळी ओळ एकदम बघितली. 'पत्र वाचून दाखवणाऱ्या मुलीस आशीर्वाद.'

मी इकडेतिकडे पाहिलं. शाळेच्या पायरीवर मी एकटीच होते. पण कुणीतरी मला हाक मारली होती. मुंबईतल्या एका खोलीत बसून, हात दुखत असताना, एका माणसानं मला आशीर्वाद सांगितला होता आणि दुसऱ्यानं तो लिहिला होता. तो इतके दिवस त्या कागदावर बसून होता, मी त्याच्यावरून बोट फिरवलं होतं, आणि तो मला दिसला नव्हता. कागद इतका शांत असतो आणि त्याच्या आत माणूस बोलत असतो, हे मला तोवर खरंच ठाऊक नव्हतं.

त्याच्या वरची ओळ मग लागली. आणि तिच्या वरची. 'बंदरावर गाडी घेऊन यावे.' सोबत्यानं सगळं लिहिलं होतं. एक शब्द सोडला नव्हता.

आता मला वाचता येत होतं, आणि म्हणूनच सांगणं भाग होतं. सांगितलं की बाबांचं 'तवसर' संपणार. दोन दिवस मी टाळलं. तिसऱ्या दिवशी काका खळ्यात उन्हाला बसले होते, काकी सुपारी सोलत होत्या. बाबाही तिथेच. मी पत्र काढलं आणि उभ्यानंच वाचायला लागले. हळू. एकेक शब्द. यंत्रात हात सापडला ते, तारीख, बंदर, गाडी, आशीर्वाद.

"ह्याच!" काका उठून उभे राहिले. "ह्याच मिया सांगललंय!"

काकींच्या हातातली सुपारी तशीच राहिली. "मगे तेव्हा कित्याक वाचलंस नाय गो?"

"तेव्हा माका वाचूक येय नव्हता, काकी. मी मनातला सांगी."

"आणि आदले कागद?"

"तेय."

मग काकी आत गेल्या आणि ती तार घेऊन आल्या. दोन वर्षांची पत्रं. "बस," त्या म्हणाल्या. "सगळे वाच. पयल्यापासून."

मी वाचत गेले. अडखळत, कधी चुकून पुन्हा मागे जात. काकी हलल्या नाहीत. एका पत्रात काकांनी विचारलं होतं, की पावसाळा संपला की महिनाभर मुंबईस येशील का, सोबती गावी जाणार आहेत, खोली मोकळी आहे, उत्तर लवकर कळवावे.

"मिया वाट बघी होतंय," काका हळूच म्हणाले. "म्हटला, तुका येवचा नाय आसतला."

"माका खंय म्हायत!" काकी म्हणाल्या. "माका कोणी इचारल्यानीच नाय!"

मला वाटलं, त्या आता मला मारतील. मारायलाच हवं होतं. दोन वर्षांचं त्यांचं बोलणं मी अडवून ठेवलं होतं, आणि त्याच्या जागी माझंच काहीबाही त्यांना ऐकवलं होतं. बाबा उठले. "उद्यापासून घरात रव," ते मला म्हणाले. "येणा नाय तर कशाक जातंस शाळेत?"

तेव्हा काकी वळल्या. डोळे पुसत, पण ठसक्यात. "भावोजीनु, काय बोलतास? येणा नाय म्हणानच धाडूक होयी ना! अर्धा आताच खंय येवक लागला, आणि आता काढतास? माझे कागद कोण वाचतला? तुमी?"

बाबा परत खाली बसले. काका हसले, हात दुखत असतानाही.

मी शाळेत राहिले. पुढे सातवीची फायनल झाली, मग हायस्कूल, आणि आता आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. इथल्या ग्रंथालयात कपाटांपुढे उभी राहिले की अजून छातीत धडधडतं. इतकी माणसं आत बोलत आहेत आणि खोली एवढी शांत!

खळ्यात ती सगळी पत्रं वाचली, त्याच दिवशी काकांनी आपल्या सोबत्याला पत्र लिहायला सांगितलं. संशय घेतला, चूक झाली, हात बरा झाला की खोलीवर येतो. मी लिहिलं. लिहून झाल्यावर काकी माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"आता वाचून दाखय काय लिवलंस ता."

मी वाचलं. त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे नव्हते, ओळीवरून सरकणाऱ्या बोटाकडे होते.

"परत वाच," त्या म्हणाल्या.