माहेरची कढई

गुढियारीतल्या माया मेश्रामला माहेरून एक लोखंडी कढई मिळाली होती. पोरगी आम्रपाली चालताना झोकांड्या खाऊ लागली, तेव्हा मायाला तो अशक्तपणा वाटला. अंगात लोह जावं म्हणून ती रोज त्याच कढईत लाल भाजी, म्हणजे लाल माठ, करायची आणि दम द्यायची, "गुपचूप खाय! पाय कसे मजबूत होत नाही, पाहतेच मी."

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पेशीतलं लोह कामाला लावणारं फ्रॅटाक्सिन नावाचं प्रथिन हिच्यात फार कमी बनतं. लोह तिथेच साचतं आणि नसा झिजतात.

घरी येऊन मायाने कढई भंगारवाल्याच्या गाड्यावर आदळली.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना ते कळलं. "कढईचा दोष नाही, दीदी. बिघडलेलं जनुक एक आईकडून येतं, एक बापाकडून."

माया कडाडली, "मग मले कोणता भंगारवाला नेईल?"