काट्यावरचा अँटीव्हायरस
सरकीचा वास आला की सेलूच्या जिनिंगमधली वजनकाट्याची खोली आठवते. मी तिथले कॉम्प्युटर सांभाळायचो. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की काट्यावरच्या बाई कॉम्प्युटर पळावा म्हणून अँटीव्हायरस बंद करायच्या. त्या दुपारी तो सारखा बंद दिसला, तसा मी त्यांच्यावरच चिडलो. दोन्ही हातांत चहाचा कप धरून त्या म्हणाल्या, "सायेब, आज मी हातबी लावला न्हाई." तेवढ्यात मी नुकताच चालू केलेला अँटीव्हायरस आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा बंद झाला. नेटवरून कुणीतरी कॉम्प्युटरमध्ये शिरून आधी राखणदारालाच हटवायला बघत होतं. मी नेटची वायर उपटली आणि ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर वाचले. आता दर हंगामात बाईंचाच फोन येतो, "कॉम्प्युटर लय हळू चालायलाय सायेब, पण ते चालूच ठेवलंय."