साफ केलेला आवाज

घरामागच्या तळ्यावर आज सकाळी गीज, म्हणजे इकडचे रानहंस, उतरली. अमेरिकेतल्या या मॉरिसव्हिल गावात नवी वसाहत बांधली की पावसाचं पाणी साठवायला एक तळं खणतात, त्याच्याभोवती पायवाट आखतात, एक बाक ठेवतात आणि मग दर हिवाळ्याच्या तोंडाशी हे राखाडी, लांब मानेचे पाहुणे येऊन ते सगळं घाण करून ठेवतात. मुलगा त्यांच्यावर वैतागतो. मला त्यांच्या चालण्याचा राग येत नाही, त्यांच्या ओरडण्याची भीती वाटते. त्यांचा आवाज खालून, घोगरा निघतो आणि मध्येच फुटून एकदम वर जातो. मध्ये जोडणारी पायरी नसते, मींड नसते. जणू एकाच गळ्यात दोन खोल्या आहेत आणि मधलं दार कुणीतरी लाथेनं उघडतं. मी उठून खिडकी लावून घेतली.

"बाबा, थंडी वाजतेय का? हीट वाढवू?" सुनेनं विचारलं.

मी हो म्हटलं. असं सहज खोटं बोलण्याची सवय मला फार उशिरा लागली. म्हातारपणी, याच गावात.

माझी सगळी नोकरी रेडिओत गेली, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत. जाड काचेच्या पलीकडे गाणारी माणसं आणि अलीकडे मी. त्या काळी टेप हातानं कापत असू. ब्लेडनं तिरकी कापायची, म्हणजे सांधा कानाला लागत नाही. वक्त्याचा खोकला, निवेदिकेची अडखळ, तबल्यावरचा चुकार हात, सगळं असं काढून टाकायचं. कापलेले तपकिरी तुकडे पायाशी पडत आणि संध्याकाळी शिपाई ते केरात लोटून नेई. एकदा एक वयोवृद्ध गवई आले होते. तार षड्जावर त्यांचा आवाज फाटला. त्यांनाही ते कळलं, पण पुन्हा गाण्याचं बळ उरलं नव्हतं. मी त्यांच्याच गाण्यातला आधीचा एक स्वच्छ षड्ज उचलून तिथं बसवला. ऐकताना बुवांनी डोळे मिटले होते. निघताना दाराशी थांबून म्हणाले, "अब्रू राखलीस पोरा." त्या वाक्यावर मी पुढं कितीतरी वर्षं जगलो. आमच्या कामात एकच नियम होता आणि तो कुणी शिकवावा लागत नसे. सांधा कुठं आहे हे कधी कुणाला सांगायचं नाही.

बायको गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. शेजारच्या घरात एक अमेरिकन बाई एकट्या राहत. ऐंशीच्या घरातल्या, ताठ, उन्हात भाजून सुरकुतलेल्या, बागेत टोमॅटो लावणाऱ्या. पत्रपेटीपाशी आमची गाठ पडे. माझं इंग्रजी पुस्तकी, त्यांचं इथून पश्चिमेच्या डोंगरांकडचं, ताणून ताणून बोललेलं, त्यामुळं आमचा संवाद हळू चाले आणि कदाचित म्हणूनच बरा होई. मुलानं एकदा त्यांना सांगितलं की बाबा रेडिओत इंजिनिअर होते. बाई म्हणाल्या, "हो? माझा नवराही रेडिओत होता. एका दुपारपुरता."

त्यांचा नवरा तंबाखूचा ट्रक चालवायचा आणि गायचा. डोक्यावर काउबॉयची टोपी घालून गायचा. ज्यानं जन्मात गोठ्यातल्या दुभत्या गायींपलीकडे काही पाहिलं नाही, त्यानं रानात गुरं हाकणाऱ्यांची गाणी म्हणावीत, याचं त्या बाईंना अजून हसू येई. यॉडलिंग करणारा एक प्रसिद्ध काउबॉय गायक त्याचं दैवत होता. त्याच्या सुरुवातीच्या रेकॉर्डी, नुसत्या गिटारीवर गायलेल्या, यानं झिजेपर्यंत ऐकल्या होत्या. पुढच्या, मोठ्या वाद्यवृंदाबरोबरच्या, याला आवडत नसत. "तो म्हणायचा, नंतर लोकांनी त्याला घासूनपुसून घेतलं," बाई म्हणाल्या. मी मान हलवली. काही विचारलं नाही. गावातलं वाचनालय मोटारीनं पाच-दहा मिनिटांवर आहे, तिथं जाऊन त्या जुन्या रेकॉर्डी एकदा ऐकाव्यात एवढंही मला सुचलं नाही. सगळं आयुष्य आवाजात काढलेल्या माणसाला आता आणखी काय ऐकायचं असतं!

त्या दुपारी त्यांच्या गावच्या रेडिओ स्टेशनात त्याची दोन गाणी एका तबकडीच्या दोन बाजूंना उतरवून घेतली होती. काही महिन्यांतच डोंगरातल्या वळणावर ट्रक उलटला आणि तो गेला. मुलगी पाळण्यात होती. तबकडी राहिली. घरातला ग्रामोफोन मोडल्यावर तीही मुकी झाली, आणि बाईंनी ती उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवून दिली. आता त्यांचे डोळे अधू होत होते. घर बंद करून ओहायोत मुलीकडे जायचं ठरलं होतं. जाण्याआधी एकदा ऐकायचं होतं.

"डोळे गेले तर जाऊ देत," त्या म्हणाल्या. "त्याचा फोटो मला पाठ आहे. आवाज मात्र पाठ राहत नाही, मिस्टर इंजिनिअर."

त्या मला याच नावानं हाक मारत. मला ते फार आवडे.

अभ्र्यातून तबकडी काढली तेव्हा एरंडेलासारखा वास आला. धातूच्या पत्र्यावर काळा लेप दिलेली ती जात मला ओळखीची होती. लेपाला तडे गेले होते. घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात तशा एका गराज सेलमधून मी जुना टर्नटेबल आणला, मुलानं तो कॉम्प्युटरला जोडून दिला, आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. "बाबा, हे डी-नॉइज करतं आणि हे क्लिक काढतं. एकदम इझी आहे. पण आधी ओरिजिनलचा बॅकअप ठेवा हं." मी हो हो म्हटलं. सुई टेकवली आणि तिच्यामागोमाग लेपाच्या बारीक कपच्या उडू लागल्या. माझ्या लक्षात आलं, ही एकदाच वाजणार. दोन्ही बाजू वाजल्या, कॉम्प्युटरनं त्या उतरवून घेतल्या, आणि तबकडी कांद्याच्या वाळक्या पापुद्र्यासारखी सुटत गेली.

आवाज तरुण होता. कोवळा, थोडा नाकातला. कडव्याच्या शेवटी तो यॉडलिंग करी, आपल्या जुन्या हिंदी सिनेमांतून आपल्याला माहीत आहे तसं, उड्या मारणारं, खोडकर. ते मला कळलं. पण कडव्याच्या आतही, ऐन शब्दाच्या मध्ये, त्याचा आवाज फुटत होता. 'होम' हा शब्द आला की हमखास. निम्मा शब्द छातीतून आणि निम्मा कुठून तरी वरून, पोरका झाल्यासारखा. स्वयंपाकघरातून सून हसली. "अहो बाबा, याला उचकी लागलीय का? गळा बसलाय बिचाऱ्याचा!" मलाही हसू आलं आणि मग त्याची कीव आली. पहिल्यांदा मायक्रोफोनसमोर उभा राहिलेला ट्रक ड्रायव्हर. घाबरला असणार. पुन्हा म्हणू द्या, असं सांगायची हिंमत झाली नसणार. काचेच्या अलीकडे माझ्यासारखा कुणी नव्हता.

मग मी कामाला लागलो. त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या शेवटच्या सुखाच्या दुपारी होत्या. बाहेर पानगळ चाललेली, घरात कुणी नाही, कानांना हेडफोन. पडद्यावर आवाजाची नक्षी उमटे, तिच्यातली चीर मी मोठी करून पाही आणि दोन्ही काठ ओढून, एकावर एक सरकवून असे मिळवी की शब्द सलग व्हावा. कडव्याशेवटच्या उड्यांना मी हात लावला नाही. फक्त शब्दांतल्या चिरा बुजवल्या. शेवटी सगळं त्याच नावानं सेव्ह केलं, आधीच्या आवाजावरच. आमच्याकडे अंतिम टेप हीच टेप असे. तुकडे केरात जात. बॅकअपचं मला आठवलंही नाही. आठवलं असतं तरी, सीडी केली की झाला बॅकअप, असंच मी समजलो असतो.

बाईंना आम्ही घरी बोलावलं. सुनेनं चहा केला, मुलानं सीडी लावली. पहिल्या ओळीला त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. कडव्याशेवटच्या यॉडलिंगला त्या खुदकन हसल्या, अगदी मुलीसारख्या. दुसऱ्या कडव्यात तो शब्द जवळ आला तशा त्या पुढं झुकल्या. अंधारात ओळखीच्या जिन्याची पायरी शोधणाऱ्या माणसासारख्या. शब्द आला आणि गुळगुळीत निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. गाणं संपलं.

"इथं त्याचा आवाज फुटायचा," त्या म्हणाल्या. "होम म्हणताना. आतल्या आत रडल्यासारखा."

मुलगा अभिमानानं सांगू लागला, "बाबांनी सगळं रिस्टोर केलंय. क्रिस्टल क्लिअर आहे ना?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तर मूळचं ऐकलंत. फुटत होता ना?"

मुलगा माझ्याकडे बघत होता. सून कप हातात धरून उभी होती. मी म्हणालो, "नाही."

बाईंनी खुर्चीचा हात सोडला. मग हलकेच म्हणाल्या, "म्हणजे इतक्या वर्षांत मीच तो फुटका सूर तिथं घातला असेन."

मी वाचनालयात गेलो तो त्यानंतर. त्या काउबॉय गायकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्डींची सीडी तिथं होती. खुर्चीत बसून हेडफोन लावला आणि पहिल्याच गाण्यात, ऐन शब्दाच्या मध्ये, तो गळा फुटला. मग पुन्हा. मग प्रत्येक गाण्यात, हवा तिथं, हवा तेवढाच. सुईच्या टोकाएवढ्या नेमकेपणानं. मी गाणं ओळखायला शिकलेला माणूस. अखंड स्वर म्हणजे सौंदर्य आणि तुटलेला स्वर म्हणजे दोष, हे मला श्वासासारखं ठाऊक होतं. तिथं बसून कळलं की काही माणसांनी त्या तुटण्याचीच साधना केली होती. त्या ड्रायव्हरानं रेकॉर्डी झिजवून हेच शिकून घेतलं होतं. तो घाबरला नव्हता. आणि मी त्याची अब्रू राखायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सांगायला म्हणून शेजारी गेलो. खोकी भरणं चाललं होतं. काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, "तुमच्यामुळं मला एक बरं झालं. मी उगाच त्याला आयुष्यभर रडवत होते. मुलीलाही तेच सांगत आले, तुझा बाप गाताना रडायचा. काल फोनवर तिला म्हटलं, मीच वाढवून सांगत होते गं. ती इतकी हसली!" त्या हसत होत्या. पण डोळे माझ्या मागं, भिंतीवर कुठंतरी होते, आणि हातातला कागद त्या गुंडाळत होत्या, उलगडत होत्या. मी त्यांना टोमॅटोच्या वाफ्याबद्दल काहीतरी विचारलं आणि परत आलो.

ओहायोतल्या दुसऱ्या हिवाळ्यात त्या गेल्या. वसंतात मुलगी घर विकायला आली, साठीकडे झुकलेली, आईसारखीच ताठ. अंत्यविधीला ती सीडी लावली होती, असं तिनं मला मुद्दाम येऊन सांगितलं. शेवटी शेवटी आई कधी चाचपडत म्हणायची, तो त्या शब्दात फुटायचा, आणि मग स्वतःच म्हणायची, नाही, इंजिनिअरनं सांगितलंय, नव्हता फुटत. "थँक यू," मुलगी म्हणाली.

तेव्हा मी सांगितलं. ड्राइव्हवेवर उभ्याउभ्या, माझ्या पुस्तकी इंग्रजीत, सांध्यासकट सगळं. ती ऐकत राहिली. तिचा चेहरा कडक होत गेला. मग तिनं हात वर केला.

"हे मला सांगू नका," ती म्हणाली. "मला तो आठवतही नाही. माझ्याकडे एवढाच बाप आहे."

ती गाडीत बसून निघून गेली. संध्याकाळी मी मुलालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, लेट इट गो यार. तुम्ही तर हेल्पच करत होतात." त्याच्या म्हणण्यात माया होती. माझ्या अंगावर ते दगडासारखं पडलं.

म्हणून हे इथं लिहितो आहे, मराठीत, जिथं त्या घरातलं कुणी ते कधी वाचणार नाही. नोंद सुधारावी म्हणून म्हणावं तर कुणासाठी, हे मला सांगता येत नाही. काळ सगळं झिजवतो, अशी तक्रार करायची आपल्याला सवय आहे. पण त्या पातळ काळ्या लेपावर काळानं ती चीर अर्धं शतक नीट सांभाळून ठेवली होती. ओहायोतल्या एका घरात आता एक तरुण तो शब्द न अडखळता, न फुटता म्हणतो आहे, आणि असा तरुण कधी जन्मलाच नव्हता. जो जन्मला होता तो फक्त माझ्या कानात आहे.

आणि कानांचं म्हणाल तर, डॉक्टरांनी परवाच तपासून सांगितलं, या वयात वरचे सूर आधी जातात. आज सकाळी गीज ओरडली तेव्हा मला ऐकू आला तो खालचा, घोगरा भाग. फुटून वर गेलेला आवाज मला आला नाही. तो तिथं असतो हे ठाऊक होतं, म्हणून तेवढा मीच घातला.