वच्छीताईने दिलेले नमुने

पलसाण्याच्या डाईंग मिलमध्ये दुपारची पाळी नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा दाजींचा फोन आला. "तुझी ताई गेली रे..." एवढंच बोलले. त्याला आता दोन महिने झाले.

वत्सला, म्हणजे आमची वच्छीताई, माझी थोरली बहीण. धुळ्याकडून लग्न होऊन सुरतेच्या नवागामला आली, आणि मागाहून मलाही तिनंच इकडे आणलं. घरी बसून साड्या तपासायची, वीण चुकली असेल तिथं खडूची खूण करायची. मोठ्या आतड्याला सूज येण्याचा आजार तिला पंधरा वर्षं होता. मलाही तोच. मी तो चारचौघांत लपवायचो. ताई मात्र "लाज कसानी?" असं अहिराणीत विचारून समोरच्यालाच गप्प करायची.

हा आजार जुना झाला की आतड्याचा कॅन्सर होण्याची भीती असते, म्हणून डॉक्टरांनी दरवर्षी दुर्बिणीने तपासून घ्यायला सांगितलं होतं. ताईनं दोन वर्षं ते टाळलं. आधी सासूचं आजारपण, मग मुलीचं लग्न... तिसऱ्या वर्षी तपासणीला गेली तेव्हा गाठ सापडली. ऑपरेशनच्या आधी एक तरुण संशोधक डॉक्टर तिच्या खाटेपाशी आली. अशा रुग्णांचं रक्त, शौच आणि आतड्याचे बारीक तुकडे तिला हवे होते. कॅन्सर डोळ्यांना दिसण्याआधीच शरीरातली काही प्रथिनं बदलतात का, हे ती शोधत होती.

"शौचातल्या रक्तावरून कळत नाही का?" ताईनं विचारलं.

"बेन, तुमच्या आजारात रक्त एरवीही जातं. त्यातलं कॅन्सरचं कुठलं, हे कसं ओळखायचं?"

"म्हणजे लाल साडीवरचा लाल डाग."

डॉक्टर हसली. मग म्हणाली, "पण यातून तुम्हाला स्वतःला काही फायदा होईल, असं मी सांगू शकत नाही."

"माले नही ते नही... दुसरा कोनले तरी कामले ई," म्हणत ताईनं सही केली.

ऑपरेशननंतर शौचासाठी पोटाला पिशवी लागली, वजन निम्म्यावर आलं. तरी बोलावलेल्या प्रत्येक तारखेला ती नमुने घेऊन गेली. बाकावर बसलेल्या रुग्णांशी बोलून आणखी कितीजणांना तिनं नमुने द्यायला तयार केलं, कोण जाणे. साध्या तपासणीलाही तयार होत नव्हतो तो मीच. "तुझी दुर्बीण कधी?" ती विचारायची. "पुढच्या महिन्यात," मी म्हणायचो. शेवटच्या आठवड्यात तिनं माझं मनगट धरलं. "मीसुद्धा हेच म्हणत होते रे... आज तारीख घेतल्याशिवाय माझ्यासमोर येऊ नको." मी त्याच पावली गेलो आणि तारीख घेतली. तो दिवस उजाडायच्या आत ती गेली.

तपासणी झाली. कॅन्सर नाही, पण एका जागच्या पेशी बदलू लागल्यात. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण. या वेळी चुकवणार नाही. नमुने द्यायला मीही सही केली.

परवा नमुना द्यायला गेलो, तर कामरेजकडची एक म्हातारी बाई बाकावर इकडेतिकडे पाहत होती. "वत्सलाबेन नथी आव्यां?" तिनं विचारलं. ताईनंच तिला यायला सांगितलं होतं. मी खरं ते सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला... ती आता उठून घरी जाईल, असं मला वाटलं. पण तिनं हातातल्या पिशवीतून नमुन्याची डबी काढली, डोळे पुसले आणि म्हणाली, "क्यां आपवानुं छे, भाई?"

कुठं द्यायची ते मला ठाऊक होतं. मी तिला खिडकीपाशी घेऊन गेलो.