शब्द परत करणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका शिकलेला आणि माझ्या मेहुण्याइतका बिनकामाचा माणूस खापरपासून नंदुरबारपर्यंत दुसरा झाला नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेव्हा इथे लिहायला भीती कसली. माझी शाळा चौथीत सुटली, पुढे थापी धरली, जन्मभर भिंती बांधल्या. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली म्हणून तिनंच त्याला कडेवर वाढवला. लग्न होऊन ती माझ्या घरी आली तेव्हा हाही आला आणि जेवताना आमच्या दोघांच्या मध्ये बसू लागला. तो पाळक होईल, आपल्या चर्चच्या व्यासपीठावर उभा राहील आणि आपण पुढच्या चटईवर बसून त्याचा उपदेश ऐकू, एवढी एकच हौस तिनं आयुष्यात केली.

स्वातंत्र्यानंतर हा बी. ए. झाला, दक्षिणेकडे जाऊन धर्मशास्त्र शिकला आणि व्यासपीठ अगदी समोर आलं तेव्हा म्हणाला, अजून शिकायचंय. काय? तर आजारी माणसाजवळ कसं बसावं ते. मी म्हटलं, त्याला कॉलेज कशाला, स्टूल पुरे. तो म्हणाला, "दाजी, बसणंच अवघड असतं." कोरीटचे सोयरे विचारायचे, पोरगा कितवीत आहे? मी सांगायचो, बसण्याच्या वर्गात आहे, उभं राहायचा वर्ग अजून लांब आहे.

परत आला तो मिशनच्या दवाखान्यात याच बसण्याच्या नोकरीला लागला. काखेत बायबल असायचं, पण कुणी म्हटल्याशिवाय ते उघडायचा नाही. आजाऱ्यानं जे म्हटलं ते त्यालाच हळू आवाजात परत करायचं, ही याची विद्या. लोणखेड्याचा एक केळीवाला शेतकरी म्हणाला, टाके ओढतात. हा म्हणाला, टाके ओढतात. तो म्हणाला, बागेला पाणी द्यायला घरी कोणी नाही. हा म्हणाला, घरी कोणी नाही. शेवटी त्या बिचाऱ्यानं नर्सला हाक मारली. "सिस्टर, पहिले याले तपासा. याले ऐकू येस, पन समजत नही." आमच्या घरीही तेच. मी म्हणावं, भाजी खारट झाली. यानं ताटाकडे बघून म्हणावं, खारट झाली. बायको म्हणायची, एकाच भाजीला दोघं मिळून दोनदा नावं ठेवता. चर्चच्या मंडळीच्या पंचांनी उपदेशाला बोलावलं तर म्हणाला, माझं काम ऐकायचं आहे. पंच म्हणाले, गप्प बसणारे आमच्याकडे घरोघरी आहेत, त्यासाठी दक्षिणेत जावं लागत नाही. बायको त्या दिवशी जेवली नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती त्याच दवाखान्यात पडली. पोटात गाठ होती, डॉक्टरांनी हात टेकले. हा रोज स्टुलावर येऊन बसे. एका दुपारी ती म्हणाली, "भाऊ, माले तुन्हा उपदेश ऐकना शे."

"तुला उपदेश ऐकायचाय," हा म्हणाला. सवयच ती.

तिनं उशीवरून मान उचलली. "मन्हंच बोलनं माले परत दी ऱ्हायना का? उभा ऱ्हाय."

तो उभा राहिला. खाटेची लोखंडी दांडी धरली. समोर बायकांचा वॉर्ड, त्यातल्या निम्म्या सातपुड्यातल्या, त्यांना याची मराठी अर्धीच कळणार. आणि इतकी वर्षं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. आवाज फाटला, वचनं चुकली, योनाला नोहाच्या तारवात बसवलं आणि नोहाला योनाच्या माशाच्या पोटात घातलं. उपदेश मी पुष्कळ ऐकलेत, इतका वाईट एकही नाही. आवरायला आलेली नर्स औषधाचा ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. बायको पदर डोक्यावर ओढून ऐकत होती, चर्चात ऐकावं तशी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आते बस कर भाऊ. देवबी निजी जाई." आणि हसत डोळे मिटले. त्या आठवड्यात ती गेली.

आता रविवारी उपासना सुटली की तो माझ्याकडे येतो. परवा मी चहा गाळताना म्हटलं, अजून दोघांचंच पाणी ठेवलं जातं, तू येतोस म्हणून बरं, नाहीतर ओतून द्यावं लागतं.

तो बशीकडे बघत म्हणाला, "अजून दोघांचंच ठेवलं जातं."

पूर्वी मी शिवी हासडली असती. परवा नुसतं हो म्हटलं, आणि मग तिच्याविषयी बोलत राहिलो. चहा निवला, दिवा लावायची वेळ झाली, तो स्टुलावरून हलला नाही. बसतो मात्र चांगला.